कोरी चौकट

रात्रपाळी. कारोंगाच्या दवाखान्यात
लुसुंगू मोबाइलवर संख्याशास्त्र शिकते.
आज मध्यक.
सरासरीला एकटा गडगंज माणूस फितवतो,
मध्यक सहसा बधत नाही,
एवढं तिला पटलंय.

डेटा संपत आलाय.
बाहेर सरोवरावर उसिपा धरणाऱ्यांचे कंदील.
मोजायचे नाहीत, असं ती ठरवते,
आणि मोजते. तेवीस.
एक विझला की काय?

गेल्या वर्षी जिल्ह्यात बाळंतिणी किती गेल्या?
एक अहवाल म्हणतो एकोणीस,
दुसरा एकतीस.
तिसऱ्यात नुसताच देखणा आलेख,
त्याचा उभा अक्ष शून्यापासून सुरूच होत नाही.

मग ती तळटीप धरून खाली उतरते,
तळटिपेच्याही तळाशी,
जिथं एक ओबडधोबड तक्ता आहे.
ओळ बेचाळीस. तिचाच दवाखाना.
मार्च: शून्य.

मार्चभर ती मलेरियानं अंथरुणात होती.
वही कुणी भरलीच नव्हती.
दूर कुठल्याशा कचेरीत
कोऱ्या चौकटीत कुणी सवयीनं पूज्य मांडलं
आणि गोळाबेरीज जुळली.

कपाटातून ती वही काढते.
पान अजून तसंच, कडेला चहाचा डाग.
पेन्सिलीनं लिहिते: माहीत नाही.
खाडाखोड न करता. स्वच्छ अक्षरात.

पाळी सुटल्यावर सायकल काढायची.
आधी म्वाकासुंगुलांच्या दारी जायचं.
त्यांची दोन पोरं
मार्चपासून मावशीकडे जेवतात.