अक्कोळचा ळ

देवगोंडा मगदूमनं पिशवीतनं बनियन काढलं,
कबड्डीचं, अठ्ठ्याऐंशी सालातलं,
छातीवर रंग तडकलेला: अक्कोळ.
"असलंच अक्षर पायजे बगा ताई, पोरांच्या चौदा टी-शर्टांवर.
नाव काय म्हनायचं ह्या अक्षराचं?"

निपाणीत स्टँडमागं माझं दुकान. डोळ्यांचं हेच काम.
भडंगाच्या पुडीचा कागद बघून, बातमी न वाचता,
सांगते मी पेपर कोल्हापूरचा की बेळगावचा;
एकाचा र पोट काढून उभा,
दुसऱ्याची वेलांटी तोकडी, आटलेल्या कापडाची.
कंडक्टरच्या बिल्ल्यावरची कानडी अक्षरं
झाऱ्यातून बुंदी पडावी तशी गोल,
भाषा यायच्या आधीच ओळखीची झालेली.

पण हा ळ.
चाळीस फाँट लावले ओळीनं.
एकाचा ळ म्हणजे दावणीला बांधलेली दोन शून्यं.
एकाला ळच नाही, परमुलखातला तो,
तिथं रिकामा चौकोन येतो.
ह्याचा मात्र डावा डोळा मोठा,
आणि उजवीकडं एक शेपटी
वर उचललेली, विनाकारण.

शटर ओढताना आठवलं.
हूगारांच्या गिरणीवर, 'दळण'मधल्या ळला, हीच शेपटी.
आणि पाण्याच्या टाकीवर, कानडीत.

बसलिंगप्पा पेंटर चिकोडी रोडला राहतात.
बनियन पार नाकाजवळ नेलं.
"माझंच की हे. मराठी वाचाय येत नव्हतं तवा.
मास्तर खडूनं काढून द्यायचे, मी रंग भरायचा.
ळ पुसला माझ्या कोपरानं.
मास्तर जेवायला गेलेले.
मग आमच्यातला घातला, जरा वाकवून.
कोण काय बोललं नाही."

रात्री माउसनं गिरवत बसले.
अ, क, ळ. एक काना, एक मात्रा.
एवढाच फाँट.
एवढ्यात काय काय मावतं, लिहून पाहिलं:
अक्का. काका. केळ. काळ. कळ.
मराठी लिहायला गेले, तर म नाही.
कन्नड लिहायला गेले,
तर क उमटला आणि पुढं चौकोन, चौकोन.

सेव्ह करताना यंत्रानं नाव विचारलं.
देवगोंडाला पण तेच हवं होतं, नाव.
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
नुसता ळ ठेवला.

सकाळी देवगोंडा स्क्रीनपुढं उभा, चष्मा कपाळावर.
"बरोबर," म्हणाला.
"पाठीवरचा आकडा तेवढा जाड करा.
लांबनं दिसाय पायजे."