शिशाचा हिशेब

एक पौंड शिसं वितळव, टोर्गेर म्हणाला,
त्याच्या सारख्या बारा गोळ्या पाड.
त्यातली एक ज्या नळीत बसेल, ती बाराची.
वीस पाडल्यास तर वीसची.
म्हणजे आकडा चढला की नळी उतरते.
इतकं उलटं गणित
इतक्या सरळ माणसाच्या तोंडून
पहिल्यांदाच ऐकलं.

दुकानात जवसाच्या तेलाचा वास.
भिंतीला टेकून दोन ठासणीच्या बंदुका,
आतून गुळगुळीत, आटे नसलेल्या.
खिडकीबाहेर ट्रेम्पेलोची पाणथळ,
कडेचा जंगली भात पिकून वाकलेला.

"मारायचंय काय?"
ऑक्टोबरात बदकं, म्हटलं. नोव्हेंबरात एक हरिण,
फ्रीजरच्या तळाला पुरेल एवढं.
"आणि खांदा?"
खांदा बारमाही उजवाच. त्यात दोन स्क्रू.

बारा खांद्याला लावून पाहिली.
एल्डन बाराच वापरायचा.
मूठभर छर्रे आभाळात पेरायचा,
उंचावरचा रानहंस
धोंड्यासारखा चिखलात यायचा.
मग आठवडाभर त्याचा खांदा जांभळा
आणि माझ्या बोटांना बामाचा वास.

वीस हलकी. नावेत आडवी ठेवली
तरी वल्ह्याला नडत नाही.
तीस पावलांत हरणाला तिची एक गोळी पुरे.
बदकांना मात्र छर्रे कमी पडतात,
शिवाय पाण्यावर आता शिसं चालत नाही,
बिस्मथ घ्यावं लागतं,
गज खाली दाबताना
नाणी मोजल्यासारखं वाटतं.

"सोळा?"
मधली वाट सुचवताना
टोर्गेर नेहमी दुसरीकडे बघतो.
सोळा त्याच्याकडे नव्हतीच. फेब्रुवारीत आली असती.

बराच वेळ दोन्ही नळ्यांत आळीपाळीनं
एक डोळा मिटून बघत राहिले.
मग लक्षात आलं, मी नळी निवडत नाहीये,
अंतर निवडतेय.
कुठवर माझं,
कुठून पुढचे पंख ज्याचे त्याला.

वीस घेतली.

पहिल्याच पहाटे धुक्यानं रंजक भिजली.
चाप ओढला, गारगोटीनं ठिणगी पाडली,
कानाशी फुस्स झालं, आणि बस.
सात बदकं डोक्यावरून गेली,
इतकी खालून की पिसांमधला वारा ऐकू आला.
लव्हाळ्यात एकटीच हसले,
थर्मासचं झाकण हातातून पाण्यात पडेपर्यंत.

हरणाच्या गोळीभोवती कापड लागतं,
घट्ट विणीचं, चरबी चोळलेलं.
टोर्गेर देत होता. नको म्हटलं.
घरी एल्डनच्या उशीचा अभ्रा आहे,
निळ्या रेघांचा, मधोमध पिवळट.
त्याच्या बुचाएवढ्या चकत्या कापत बसलेय.
हरणांच्या मोसमाला अजून नऊ दिवस.
कात्री बोथट आहे.