त्रिकोण कोरा ठेवा

पुस्तक रशियन. सातेरी गुरव सरांना ते
बेळगावात, पुस्तकांच्या फिरत्या गाडीवर
अडीच रुपयांना मिळालेलं.
अक्षर एक लागेना. चित्रकाराच्या नावात
एक उलटा आर होता,
म्हणून सर त्याला उलट्या म्हणायचे. आम्हीही.

उलट्याचं चरित्र सरांनी चित्रं बघूनच रचलं.
आठव्या पानावर पडकी कमान, खाली शेळ्या:
हे रोम असणार, सरकारी पैशानं शिकायला गेलाय.
विसाव्यावर बर्फ, बर्फात पिवळी इमारत,
सहा पांढरे खांब: आला परत, बांधायला लागला.
बत्तिसाव्यावर एक बाई, हात अर्धेच रंगवलेले.
तिथं सर काही न बोलता पान उलटत.

खानापुरात वाचनालय बांधायचं ठरलं
तेव्हा सर विसावं पान घेऊन कौलांच्या कारखान्यात गेले.
भरमाण्णा मेस्त्री म्हणाला, "गोल कशाला सर,
चौकोनी करून सोडूया की."
"वीट गोल भाजून दे. संगमरवर तिकडंही नाही.
हे बघ, कोपऱ्यात गिलावा उडालाय,
आतून लाल दिसतंय."

मलप्रभेची वाळू, चुन्यात गूळ.
वर्गणी चारच खांबांची जमली.
पिवळा रंग दोन वर्षांत शेवाळला.

वरच्या त्रिकोणात नाव कुठल्या लिपीत,
यावर तीन बैठका झाल्या. एकीत खुर्ची मोडली.
सर म्हणाले, त्रिकोण कोरा ठेवा,
उलट्यानं कोराच ठेवलाय.

सर जाऊन सात वर्षं झाली.
परवा घाड्यांची मयूरी आली, रशियात डॉक्टरकी शिकून.
खांबाला टेकून तिनं विसाव्या पानाखालची ओळ वाचली,
मग पुन्हा वाचली.
"काका, हे बांधलंच नाही त्यानं.
राणी वारली, पैसे थांबले. हे नुसतं चित्र."

म्हणजे तो उडालेला गिलावासुद्धा
त्यानं मनानंच काढला होता,
इमारत उभी राहायच्या आधी
तिचं म्हातारपण.

बाईच्या पानाखाली काय लिहिलंय
ते मी मयूरीला विचारलं नाही.

आज भरमाण्णाचा नातू शिडी घेऊन आला, डागडुजीला.
त्रिकोणात पाकोळ्यांचं घरटं, ते त्यानं आपणहून सोडलं.
मग डावीकडच्या खांबाशी थापी ओली करून थांबला,
खालून हातभर गिलावा गेलाय, वीट दिसते.
म्हटलं, एवढं राहू दे.
"का ओ?"
पानावर तसंच आहे, म्हटलं,
आणि त्याला दाखवायला
पुस्तक आणायला आत गेलो.