रिकामी जागा

तमालेच्या बाजारात, फुसेनी खाटकाच्या दुकानापुढे
एक बाक आहे. निकाल लागला त्या दुपारी
बाकानं आपसांत ठरवूनही टाकलं:
नापारी इंजिनियर होणार.
फार तर बँकेत जाईल. तिथं थंड हवा असते
आणि नखांत रक्त राहत नाही.

नापारीनं अर्जात लिहिलं,
बाळंतपणाचं शास्त्र.

बाक आधी हसला.
मग याकुबूकाका उठले, पायानं चपला शोधत म्हणाले,
"एवढ्या मार्कांत डॉक्टर हो की रे.
डॉक्टरनं हात लावला तर घरचे दुवा देतात."
"आणि मी लावला तर?"
"तू लावलास तर आम्हांला तोंड लपवावं लागेल."

मुलगी जवळजवळ ठरली होती. तिच्या आईनं
शिया लोण्याचा डबा परत पाठवला,
अर्धा वापरलेला, वरून बोटांनी सपाट केलेला.
मित्र त्याला बाईच्या नावानं हाका मारायला लागले.
त्यातलेच दोघे, वेगवेगळ्या रात्री,
भिंतीआडून हळूच विचारून गेले:
बायकोचे पाय सुजलेत, हे चालतं का?

हे मराठीत लिहिताना मीही अडलो,
अडलेली बाई म्हणतो ना, तसाच.
शाळेत जोड्या घोकल्या होत्या:
वाघ, वाघीण. माळी, माळीण.
सुईणीच्या शेजारची जागा
कुणी कधी भरलीच नव्हती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हरमॅटनचा वारा, धुळीनं चंद्र तांबडा.
बहीण मांडेया सामानाच्या तीनचाकीत,
सावेलुगूच्या अलीकडे टायर बसलेला.
जवळच्या वस्तीतून म्हातारी अझारातू आली,
तिनं नापारीच्या हातात मोबाइलचा दिवा दिला.
तो तोंड फिरवून उभा राहिला, रीतीप्रमाणे.
पण तोंड फिरलं की हातही फिरतो.
उजेड जाऊन पडला एका झुडपावर,
झुडपातल्या प्लास्टिकच्या पिशवीवर.
"पोरा," म्हातारी म्हणाली,
"लाज घरी जाऊन वाटेल तेवढी लाज.
आत्ता इकडे बघ."

त्यानं बघितलं.
नाळेचे दोन वेढे, मानेभोवती.
वेढा त्याच्या ओळखीचा होता.
बोकडाच्या गळ्यात दोरी कशी घालायची
ते बापानं सातव्या वर्षीच शिकवलेलं:
घाई न करता, जनावराला कळू न देता.
घातलेली दोरी काढताना मात्र
त्या दुकानात त्यानं कुणाला पाहिलं नव्हतं.

म्हातारीची दोन बोटं. एक वेढा.
थांब.
दुसरा.
मग जे रडणं उठलं ते इतकं रागीट होतं
की तीनचाकीवाला लांब उभा राहून
मोठ्यानं माफी मागायला लागला.

हे सगळं त्यानं बाकाला सांगितलं नाही.
बाकाला बहिणीचं नाव का सांगायचं?

जायच्या पहाटे फुसेनी दुकानात होता.
महिनाभर मुलाशी बोलला नव्हता, तसाच आत्ताही
दगडावर सुरी फिरवत राहिला.
नापारी पिशवी घेऊन उभा. गाडीची वेळ होत आलेली.
आडव्या दांडीवर एक आकडा हलत होता, रिकामा.

"नाळ कशानं कापतात?"
"कात्रीनं. उकळून घेतात."
सुरी दोनदा इकडे, दोनदा तिकडे.
"लगेच?"
"नाही. तिची धडधड थांबेपर्यंत थांबतात. बोटाला कळते."
बापानं मान हलवली,
जशी तो दुसऱ्या खाटकापुढे हलवतो.
अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहिली, म्हणाला,
"सरकारी कात्र्या बोथट असतात.
आधी बघून घेत जा."