हातचा एक

रुस्तावीत आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
ते नाणं वाचवायला
शिकवणीची मुलं आठ मजले चढून येतात
आणि पहिली पाच मिनिटं
नुसत्या धापा टाकतात वहीवर.
ती पाच मिनिटं मी पैशात धरत नाही.

तामुना साडेपाचला येते. सतराची आहे,
जुलैत प्रवेशपरीक्षा.
आई इटलीत कुणा परक्या म्हाताऱ्याला भरवते, पुसते, निजवते,
आणि तीन तारखेला माझी फी
फोनमध्ये टिंग करून उतरते.
कधी नऊ तारखेला.
मी विचारत नाही.

सातला बाद्री. वय बावन्न.
तो एकटाच धापा न टाकता येतो.
म्हणतो, नातेला बाई, माझी क्रेन ह्याच्या वर होती,
आणि तिथे शिडी होती, जिना नव्हता.
हातचं काम गेलं त्याला दीड वर्ष झालं.
आता एका गोदामात हिशेबनीस हवाय,
संगणक येणारा.
तो माउस मुठीत धरतो, दांड्यासारखा, आणि ओढतो,
बाण पडद्याच्या कडेला जाऊन अडकतो.

पहिल्या दिवशी त्याने
सगळी बेरीज आधी कागदावर केली
आणि उत्तर एका बोटाने चौकटीत टाइप केलं.
मी म्हटलं, अहो, बेरीज हेच करतं.
तो बराच वेळ बघत राहिला.
"मग हातचा कुठे जातो?"

एकतीस वर्षं गणित शिकवलं मी.
हे कुणी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी तामुनाचं गणित अडलं,
सात वाजून गेले तरी सुटेना.
मनोरा, जमिनीवरचा माणूस, तीस अंशाचा कोन.
बाद्री कोट न काढता तिच्यामागे उभा.
"खालून बघतेयस म्हणून अडलंय," म्हणाला,
"वर चढ. तिथून त्या माणसाकडे बघ.
कोन तोच असतो.
माणूस तेवढा बारका दिसतो."
तिने केलं. सुटलं.
मोबदल्यात तिने त्याला कंट्रोल-झेड शिकवलं:
चुकलं की हे दाबायचं, काका,
झालेलं मागे घेता येतं.
त्याने दाबलं. पुन्हा दाबलं.
दाबत गेला,
आठवड्याभराचे आकडे एकेक करून पुसत गेला
आणि कोऱ्या तक्त्यापुढे थांबला.
आम्ही दोघी काही बोललो नाही.

मग मुलाखतीची तयारी.
मी शाळेचा जुना कोट चढवला,
ओट्याकडे पाठ करून साहेबीण झाले.
"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"
त्याने छताकडे पाहिलं.
"वर."
असं नाही म्हणायचं, मी म्हटलं.
"तुमचा एखादा दोष?"
"जमिनीवरून मला लांबचं दिसत नाही."
असंही नाही.
मग आम्ही दोघांनी मिळून
चार गुळगुळीत वाक्यं लिहिली
आणि ती त्याने पाढ्यांसारखी घोकली,
भुवयांसकट.
खरं तर त्याची उत्तरं माझ्यापेक्षा चांगली होती.
फी घेऊन मी ती खोडली.

गुरुवारी मुलाखत.
शुक्रवारी सातला लिफ्टमध्ये नाणं पडल्याचा आवाज आला,
दोऱ्या कुरकुरल्या,
आमच्या मजल्यावर दार उघडलं.
बाद्री. लिफ्टने.
हातात आंबट आलुच्यांच्या चटणीची बरणी,
झाकणावर फडकं, फडक्याला सुतळी.
आनंदाने माणूस नाणं टाकतो.
पाय उचलेनासे झाले तरी टाकतोच.

तामुना तोंड उघडणार होती,
मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

तो बसला. वही काढली.
कागदावर एक लांबलचक बेरीज मांडली,
कुणी सांगितली नव्हती,
आणि सत्तावीस आल्यावर
सात खाली लिहून
दोन वर, अगदी बारीक,
पेन्सिल न टेकल्यासारखे.
"हे मी ठेवणार," म्हणाला.
मी बरणीला जागा करायला
फडताळातलं मीठ मागे सरकवलं.