मानस

कायतान मास्तरांच्या वहीत, तिसऱ्या पानावर,
एकच वाक्य, खाली दोनदा रेघ ओढलेली:
'कट म्हणजे कात्री नव्हे. मानस.'

खाजन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते.
चोडणच्या बांधात एक लाकडी दार असतं.
भरती आली की नदीच त्याला ढकलून मिटते,
ओहोटीला शेतातलं पाणी ते उघडतं.
माणूस फळ्या बदलतो, जाळं लावतो,
बाकी वेळ बसून राहतो.

पणजीतल्या त्या खोलीत दोरीवर फिल्मच्या पट्ट्या असत,
कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेल्या, बोंबलांसारख्या.
मास्तर म्हणायचे, बांगडा दाखव, मग मूल दाखव.
झाली भूक.
बांगडा तोच, मूल तेच, मध्ये मांजर घाल.
आता लोक हसतील.
मुलाला यातलं काहीच ठाऊक नाही, पोरी,
हे विसरू नकोस.

चार सिनेमे केले त्यांनी. दोन वाळवीने पाहिले.
एकात खनिजाची बार्ज होती, तांबडा ढीग नदीतून सरकणारा,
आणि लगेच, दारातली पायरी पुसणारी बाई.
बस्स. शब्द नाही, बोट दाखवणं नाही.
तरी खाणवाल्यांनी डिचोलीतला खेळ बंद पाडला.
ते दोन तुकड्यांच्या मधलं त्यांना बरोबर दिसलं होतं.

मला हे सगळं जुनं वाटे. सव्विसाव्या वर्षी वाटतंच.
मी एक सिनेमा केला, रायबंदरहून चोडणला फेरी,
सहा मिनिटं, एकही कट नाही.
अभिमानाने दाखवला.
मास्तर म्हणाले, फळी पडली तिथे कट घेतलास, चांगला घेतलास.
मी म्हटलं, मी नाही घेतला.
'मग कोणी घेतला?'
आणि चहा गाळायला उठले.

आता माझ्याकडे त्यांचे एक्केचाळीस सेकंद आहेत.
खिडकीपाशी बसलेत, फ्रेमबाहेर काहीतरी बघतायत,
डावी भुवई किंचित वर.
काय बघत होते, आठवत नाही. पदेर असेल, पावाची सायकल.
पेजेचं वाटगं शेजारी ठेवलं, मास्तर उपाशी दिसले.
नदी ठेवली, निरोप घेऊ लागले.
रिकामी खुर्ची ठेवून पाहिली आणि मलाच लाज वाटली.
जे ठेवीन ते बोलतं. ते गप्पच.

म्हणून आज चोडणला आले.
रोक मानशीवरची जुनी फळी काढतोय,
खालची बाजू कालवांनी भरलेली, बोट कापेल अशी.
नवी फळी बांधावर वाळतेय.
मधल्या चौकोनातून पाणी
आत जात नाही, बाहेर येत नाही.

लॅपटॉपवर मास्तरांच्या चेहऱ्यापुढे अजून काळंच आहे.
रोकला विचारलं, किती वेळ?
त्याने नदीकडे पाहिलं, भुवई वर करून.
म्हणाला, चाळीस मिनिटं. बस.