सुफेन

हडर्सफील्डला खोली बघायला गेलो तेव्हा
मिसेस ओल्ड्रॉइडनं आधी नळ सोडून दाखवला.
"पाणी सॉफ्ट आहे हो आमचं," म्हणाली,
जावयाचा पगार सांगावा तशी.
शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात याला सुफेन म्हणायचे.
त्या शब्दाला इतक्या वर्षांनी
पहिल्यांदा फेस आलेला पाहिला.

इथल्या गिरण्या याच पाण्यावर उभ्या राहिल्या,
लोकर धुवायला दुसरं पाणी चालत नाही.
तिची किटली चाळीस वर्षांची.
आत बोट फिरवून पाहिलं, क्षाराचा कण नाही.

मग तो शब्द घरभर भेटत गेला.
साडेतीन मिनिटं उकडलेलं अंडं सॉफ्ट.
रेडिओवर वेदरबीच्या घोड्यांचं मैदान सॉफ्ट,
म्हणजे खूर रुततील इतकं ओलं.
मंडईत तिनं आलुबुखार दाबून पाहिला,
"सॉफ्ट" म्हणून परत ठेवला.
फळवाल्यानं जे पाहिलं तिच्याकडे
ते मात्र सॉफ्ट नव्हतं.

मी मनात मोड देत बसायचो:
अर्धकच्चं, भुसभुशीत, लिबलिबीत.
वाटायचं, यांच्याकडे एकच नोट, कुठेही खपणारी,
आणि आपला खिसा बघा कसा खुळखुळतोय.

नवऱ्याचं विचारलं एकदा.
"विल्फ? सॉफ्ट होता,"
आणि कपबशा विसळायला लागली.
ही नोट मला मोडता येईना.
भोळा? हळवा? मवाळ? की सरळ बावळट?

गिरणीतले त्याला सॉफ्ट म्हणायचे
ते कबुतरांवरून.
शर्यतीत मागं पडलेल्याची मान पिरगाळायची रीत.
हा त्याला कोटात घालून घरी आणायचा,
दुसऱ्यांचीसुद्धा.
हरलेल्यांची एकोणीस झाली एका वेळी,
दाणे सगळ्यांचे याच्या पगारातून.
"मी सॉफ्ट म्हणायचे ते वेगळं."
वेगळं म्हणजे?
"वेगळं म्हणजे वेगळं."

मार्च संपताना, एका संध्याकाळी
टीव्हीवर कुणाच्या तरी बाळाला आंघोळ घालत होते.
तिनं एका तळहाताची वाटी केली, पालथी,
आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यावर ठेवलं,
दाबलं नाही.
"इथं सॉफ्ट असतं ना त्यांचं. उडत असतं."

टाळू, मी म्हणालो.
मराठीतच म्हणालो, तिला कळल्यासारखं वाटलं.

"मेव्हिसचं बुजलंच नाही.
अकरा आठवडे."

आमच्याकडे तेलानं टाळू भरतात
हे सांगायला तोंड उघडलं होतं, मिटलं.

"कबुतरं त्यानंतरची," ती म्हणाली.
उठली, किटलीत पाणी घेतलं.
मी खिशात हात घालून
सगळी चिल्लर मुठीत दाबून धरली,
वाजू नये म्हणून.